एमएस्सी करायचीय, पण वॉर्ड सोडायचा नाही

"मॅडम, नमस्कार. मी बीड जिल्ह्यातली. नर्सिंगची जीएनएम पदविका केली, मग त्यावरची पोस्ट बेसिक बीएस्सी पदवी, आणि गेली सात वर्षं एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, आहे. त्यातली चार वर्षं मेडिसिनच्या आयसीयूत. मिस्टर जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, मुलगी पाच वर्षांची, सासू-सासरे गावाकडं शेती बघतात.

मागच्या पावसाळ्यात फवारणीचं औषध पिऊन आलेला एक पोरगा आमच्याकडं होता. तिसऱ्या दिवशी तो चांगला बोलत होता, रक्तातलं ऑक्सिजन सॅच्युरेशन बरं होतं, वॉर्डात शिफ्ट करायचं ठरलं होतं. उशीचा अभ्रा बदलताना मी त्याला म्हटलं, डोकं उचल. त्याला मान उचलताच येईना. मी डॉक्टरांना बोलावून आणलं. थोड्याच वेळात त्याला व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. पोरगा वाचला. डॉक्टर म्हणाले, 'सिस्टर, बरं झालं पाहिलंत.' तेव्हापासून डोक्यात घोळतंय, की हे मला नीट शिकायचंय.

माझी मामेबहीण इंग्लंडला नर्स आहे. ती म्हणते, इकडं क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट असते, तू तेच हो. इथं विचारलं तर सगळे म्हणतात, एमएस्सी कर, नर्सिंग कॉलेजात ट्यूटर होशील, नाइट सुटतील. एका एजंटानं सांगितलं, कॉलेजला यायची गरज नाही, ड्यूटी करत करत एमएस्सी होते, फक्त परीक्षेला या. सासूबाई म्हणतात, नोकरी लागली, आता कशाला शिकायचं? मिस्टर म्हणतात, तू म्हणशील ते. मी काय करू?
एक अधिपरिचारिका, जि. बीड"

तुझ्या पत्रातलं उशीच्या अभ्र्याचं वाचलं आणि एजंट, सासूबाई, इंग्लंड सगळं बाजूला ठेवून आधी त्यावरच लिहावंसं वाटलं. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथंच आहे.

ऑरगॅनोफॉस्फरस जातीचं कीटकनाशक पोटात गेलं की पहिल्या दिवशी काय दिसतं ते तुला सांगायला नको. तोंडाला फेस, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत घरघर. त्यावरचं औषध ॲट्रोपिन सुरू होतं, छाती कोरडी पडते, नाडी वर येते आणि सगळ्यांना हायसं वाटतं. नातेवाईक खाली चहाला जातात. नेमकं त्यानंतर, विष घेतल्यापासून साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान, काही पेशंटचे स्नायू लुळे पडायला लागतात. आधी मानेचे, मग दंड-मांड्यांचे, मग श्वासाचे. इंटरमिजिएट सिंड्रोम तो हाच. त्यावर ॲट्रोपिनचा काही उपयोग नाही, श्वासाला यंत्राचा आधारच द्यावा लागतो. मॉनिटरवरचे आकडे बिघडतात ते अगदी शेवटी. उशीवरून डोकं उचलता येतंय का, ही बिनपैशाची तपासणी त्याच्या कितीतरी आधी इशारा देते.

तू ते पाहिलंस. पण त्या दिवशी तुझ्या जागी महिन्याभरापूर्वी रुजू झालेली पोरगी असती तर? तिनं शिफ्टिंगचा कागद लिहिला असता, मावशींना हाक मारून स्ट्रेचर मागवला असता, आणि तिला दोषही देता आला नसता, कारण तिला हे कुणी दाखवलेलंच नाही. क्लिनिकल नर्स स्पेशालिस्टचं काम इथून सुरू होतं. पेशंट नीट बघायचा, हे तर आहेच. जे आपल्याला दिसलं ते बाकीच्या सिस्टरांनाही दिसेल अशी त्यांची तयारी करून घ्यायची, आणि रुग्णालयाच्या चार्टात, हँडओव्हरमध्ये, सामानाच्या यादीत ते बसवायचं. अमेरिकेत या भूमिकेचं वर्णन करताना पेशंट, नर्सेस आणि संस्था अशी तीन क्षेत्रं मांडतात. पॉयझनिंगच्या प्रत्येक चार्टवर 'मान उचलतो: हो/नाही' असा एक रकाना तू आणलास आणि तो नाइटच्या सिस्टरनं तुला न विचारता भरला, की तिन्ही क्षेत्रांत तुझं काम झालं.

आपल्या भागातलंच आणखी एक घे. घोणस किंवा फुरसं चावलेल्या माणसाचं रक्त गोठतंय की नाही हे पाहायला मोठी मशीन लागत नाही. दोन-तीन मिली ताजं रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घ्यायचं, २० मिनिटं जागेवरून हलवायचं नाही, मग एकदाच तिरपी करून बघायचं. रक्त वाहिलं, म्हणजे गोठत नाही. आता किती ठिकाणी ही नळी प्लॅस्टिकची असते, किती ठिकाणी ती साबणानं धुऊन परत वापरतात, आणि किती जण पाचव्या मिनिटाला उचलून हलवून बघतात, हे तू स्वतः पाहिलेलं असणार. प्लॅस्टिकच्या किंवा साबणाचा अंश राहिलेल्या नळीत चांगलं रक्तही वेळेत गोठत नाही, आणि मग गरज नसलेल्याला सापाच्या विषावरचं अँटीव्हेनम चढतं. हे सुधारायला कुणी प्राध्यापक लागत नाही. सामानाच्या मागणीपत्रात, म्हणजे इंडेंटमध्ये, काचेच्या नव्या नळ्या मागवणारी, त्या घड्याळाशेजारी ठेवणारी, आणि गडबडीतल्या इंटर्नला "सर, हात लावू नका, अजून वेळ आहे" असं म्हणू शकणारी एक नर्स लागते.

ते म्हणायचा अधिकार मात्र आपल्याकडं तिला कुणी लिहून दिलेला नाही. इथून पुढचं जरा कडू लागेल.

अमेरिकेत १९५४ साली रटगर्स विद्यापीठात हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी मानसिक आरोग्याच्या नर्सिंगमध्ये स्पेशालिस्ट तयार करणारा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. आपल्याकडं दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेजात नर्सिंगची मास्टर्स पदवी १९५९ ला सुरू झाली. म्हणजे आपण फार मागं नव्हतो. पण तिकडची मास्टर्स झालेली नर्स पेशंटजवळ राहिली आणि आपली वर्गात गेली. का गेली, तर नर्सिंगची कॉलेजं निघत गेली आणि कॉलेजला मान्यता घेताना एमएस्सी झालेले शिक्षक दाखवावे लागतात. रुग्णालयाला खाटांजवळ एमएस्सी झालेली नर्स दाखवावी लागत नाही. एवढंच कारण. राज्य सरकारच्या सेवेत अधिपरिचारिका, परिसेविका (वॉर्डची इन्चार्ज सिस्टर), अधिसेविका (मेट्रन) अशी शिडी आहे, शिकवण्याच्या बाजूला पाठ्यनिर्देशिका (ट्यूटर) आहे. क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट नावाची पायरी त्यात नाही. सातव्या वेतन आयोगात ३५,४०० च्या बेसिकला लागलेली अधिपरिचारिका एमएस्सी करून त्याच वॉर्डात परत आली, तर तेवढ्यावरून तिची श्रेणी बदलत नाही. हे तुला आज कळलेलं बरं. दोन वर्षं घालवून आस्थापना शाखेच्या खिडकीवर कळण्यापेक्षा.

मग कशाला करायची? माझं मत विचारशील तर, तू करावीस. ट्यूटर होण्यासाठी नको आणि नाइट चुकवण्यासाठी तर मुळीच नको. नाइटच चुकवायच्या असतील तर ओपीडीत बदली मागणं त्याहून स्वस्त पडतं. करायची ती एवढ्यासाठी, की चार वर्षांत तुझ्या हाताला जे कळलंय त्याच्यामागचं कारण तुला माहीत होईल आणि ते तू डॉक्टरांसमोर, मेट्रनसमोर, खरेदी समितीसमोर मांडू शकशील. "मला वाटलं म्हणून" या बोलण्यावर आपल्याकडं एकही चार्ट बदललेला नाही. आकडे, संदर्भ आणि नावापुढं पदवी असली की निदान कागद तरी टेबलावर घेतात. दुसरं असं, की पद नसलं तरी कामं आहेत, फक्त ती वेगळ्या नावांनी आहेत. एनएबीएच हे रुग्णालयांच्या दर्जाचं मानांकन हवं असलेल्या रुग्णालयाला इन्फेक्शन कंट्रोल नर्स नेमावी लागते. मोठ्या रुग्णालयांत जखमा आणि स्टोमा (शस्त्रक्रियेनं पोटावर काढलेलं शौचाचं तोंड) बघणारी सिस्टर असते, डायबेटिस एज्युकेटर असते, अवयव प्रत्यारोपणाची कोऑर्डिनेटर असते, आयसीयूतल्या नव्या नर्सेसना तयार करणारी असते. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयासारख्या ठिकाणी किमो देणाऱ्या सिस्टरला काय काय माहीत असावं लागतं हे एकदा जाऊन बघ. स्पेशालिस्ट दुसरी कोण असते?

आता कोर्सचं. तुझ्यापुढं दोन वाटा आहेत.

पहिली नेहमीची, दोन वर्षांची एमएस्सी नर्सिंग. शाखा पाच: मेडिकल सर्जिकल, बालरोग, स्त्रीरोग व प्रसूती, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. मेडिकल सर्जिकल घेतलंस तर त्यात पुढं उपशाखा येतात. हृदय व छाती, क्रिटिकल केअर, कर्करोग, मेंदू व मज्जासंस्था, किडनी, हाडं वगैरे. प्रत्येक कॉलेजात प्रत्येक उपशाखा असते असं समजू नकोस. प्रवेशाला बीएस्सी किंवा पोस्ट बेसिकला ५५ टक्के लागतात, मागासवर्गीयांना सवलत आहे, आणि किमान एक वर्षाचा अनुभव. अनुभव तुझ्याकडं भरपूर आहे, मार्कशीट तेवढी काढून टक्के मोज. हे वाचणाऱ्या ज्या मुलींचं नुसतं जीएनएम झालंय त्यांना आधी पोस्ट बेसिक करावं लागेल, त्याला पर्याय नाही. अभ्यासक्रमाचा कल मात्र आधीच ओळखून घे. पहिल्या वर्षाला नर्सिंग एज्युकेशनचा पेपर आहे, दुसऱ्याला मॅनेजमेंटचा. लेसन प्लॅन, सूक्ष्म अध्यापन, प्रश्नपत्रिकेचा आराखडा, हे सगळं तुला करावंच लागेल. कुरकुर न करता कर. बाकीच्या सिस्टरांना शिकवायचंय ना तुला?

दुसरी वाट फार जणींना ठाऊक नसते. भारतीय नर्सिंग परिषदेनं २०१६-१७ च्या सुमारास 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा पदव्युत्तर रेसिडेन्सी अभ्यासक्रम आणला. नावाप्रमाणे तो रेसिडेन्सीच आहे. वर्गातलं बसणं कमी, बहुतेक सगळा वेळ आयसीयूत. व्हेंटिलेटर, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी), शॉक, औषधांचे डोस, पेशंटची तपशीलवार तपासणी, आणि डॉक्टरांच्या बरोबरीनं केस मांडणं. लेखी प्रोटोकॉल आणि स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या सूचना, यांच्या चौकटीत काही निर्णय घेणारी नर्स तयार करणं हा त्याचा हेतू. तुझ्या पत्रातली बाई या कोर्समध्ये शोभेल असं माझं मन सांगतं. अडचण एकच, तो फार थोड्या ठिकाणी चालतो, त्यामुळं घर सोडायची तयारी लागेल. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते, तीत राज्य आणि अभ्यासक्रम निवडून बघ आणि मग थेट त्या संस्थेत फोन कर. रेसिडेन्सीच्या काळात पगार की स्टायपेंड, किती, आणि कोण देणार, हे पहिल्या फोनवरच विचार. लाजू नकोस.

जवळपास तो कोर्स मिळाला नाही तर क्रिटिकल केअर उपशाखा असलेली एमएस्सी, आणि तीही नाही मिळाली तर मेडिकल सर्जिकलची कुठलीही उपशाखा, पण ज्या कॉलेजचं स्वतःचं भरलेलं रुग्णालय आहे तिथली. राज्यातल्या प्रवेशाची सूचना आणि अटी राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर येतात. एम्ससारख्या केंद्रीय संस्थांच्या परीक्षा वेगळ्या असतात, त्यांच्या तारखा स्वतंत्र बघाव्या लागतात. २०२३ साली १९४७ च्या जुन्या नर्सिंग परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा मंजूर झाला, त्यामुळं "नवीन नियम येऊ द्या, मग बघू" असं म्हणणाऱ्याही भेटतील. त्यांचं ऐकून थांबू नकोस. मुलगी दहावीला जाईल तोवर.

एजंटाचं काय करायचं ते तुलाही कळतंय, तरी लिहिते, कारण असे फोन आपल्या भागातल्या पुष्कळ जणींना येतात. "हजेरीचं आम्ही बघतो" असं तो म्हणतो तेव्हा ती हजेरी खोटी असते, आणि ती तुझ्या नावावर असते. एमएस्सी हा पूर्णवेळ कोर्स आहे. म्हणजे १४ तारखेला तू आयसीयूच्या ड्यूटी रजिस्टरवर सही केलेली आणि त्याच १४ तारखेला कॉलेजच्या क्लिनिकल हजेरीतही तू हजर. दोन्ही कागद सरकारी तपासणीत निघू शकतात. कुणी हितशत्रूनं एक माहिती अधिकाराचा अर्ज टाकला की पदवीही जाईल आणि नोकरीही अडचणीत येईल. एजंट तोवर दुसऱ्या जिल्ह्यात कॉलेजं विकत असेल. आणि समज, काहीच झालं नाही, पदवी सुखरूप हातात पडली, तरी तुला हवं होतं ते कुठं मिळालं? मान उचलता न येण्यामागचं कारण एजंट पोस्टानं पाठवत नाही.

खरं कॉलेज ओळखायचं कसं? माहितीपुस्तकावरून नाही. तिथं सगळ्यांकडंच सुसज्ज ग्रंथालय आणि निसर्गरम्य परिसर असतो. आधी न कळवता एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी दहाला त्या रुग्णालयात जा. तपासणीच्या दिवशी नको, त्या दिवशी तर बेडशीटलासुद्धा इस्त्री असते. आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरला गाठ. आपल्यातली आहेस म्हटल्यावर ती खरं बोलेल. तिला विचार, एमएस्सीच्या मुली इथं येतात का, आल्या तर नुसत्या फाइल उतरवून घेतात की पेशंट घेतात? व्हेंटिलेटर किती, त्यातले चालू किती? कॉलेजचं रुग्णालय आवारात आहे की करार केलेलं कुठं तालुक्याबाहेर? मग दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला कॅन्टीनला गाठ आणि लॉगबुक दाखव म्हण. ज्या लॉगबुकात सगळ्या नोंदी एकाच पेनानं, एकाच बैठकीत भरल्यासारख्या दिसतात, त्या कॉलेजला नमस्कार करायचा आणि एसटी धरायची. पेशंटांच्या गर्दीचं म्हणशील तर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरी, लातूरचं सरकारी रुग्णालय, यांच्या कॅज्युअल्टीत एका पावसाळ्यात जे दिसतं ते चकचकीत ठिकाणी दोन वर्षांत दिसत नाही. तुझी शिकायची जागा कुठलीही ठरो, पण अशा गर्दीत नीट शिकवणारं माणूस भेटलं पाहिजे. म्हणून गाइड कोण मिळणार, तिनं शेवटची ड्यूटी कधी केली होती, हेही विचार.

प्रबंधाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बहुतेक जणी तिथंच संधी घालवतात. आपल्याकडच्या एमएस्सी प्रबंधांचे विषय एकाच साच्यातले असतात. अमुक गावातल्या अमक्या लोकांना तमक्या आजाराविषयी किती ज्ञान आहे, त्यावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमचा काय परिणाम झाला. आधी प्रश्नावली, मग एक व्याख्यान, मग तीच प्रश्नावली. ज्ञान वाढलेलंच निघतं. न वाढायला काय झालं, आताच तर सांगितलं होतं. गाइडलाही ते सोयीचं, वेळेत उरकतं. तू हट्ट धर. तुझा विषय तुझ्या आयसीयूतला असू दे. पॉयझनिंगच्या पेशंटमध्ये नर्सनं ठराविक वेळांनी मानेची ताकद तपासली तर श्वासाचा त्रास किती आधी ओळखता येतो? व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं डोकं ३० अंशांच्या वर खरोखर किती तास राहतं आणि चार्टवर किती लिहिलेलं असतं? बेशुद्ध पेशंटच्या डोळ्यांची काळजी कोण घेतं, आणि न घेतल्यानं बुबुळाला किती जणांत इजा होते? असे विषय नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्यायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या सहामाहीतच हात घाल. मेडिसिनच्या एखाद्या डॉक्टरांना सहमार्गदर्शक होता येईल का ते विद्यापीठाच्या नियमात बघ. ज्यांनी "बरं झालं पाहिलंत" म्हटलं, त्यांनाच आधी विचार. आणि संख्याशास्त्राला घाबरू नकोस. घरात शिक्षक आहे, सरासरी आणि टक्केवारी तरी तो समजावून देईल.

इंग्लंडचं थोडक्यात. मामेबहिणीचं खरं आहे, तिकडं कर्करोग, मधुमेह, हृदयविकार अशा प्रत्येक क्षेत्रात क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट असतात. पण इथली एमएस्सी दाखवून कुणी थेट त्या खुर्चीत बसवत नाही. आधी ओईटी किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, मग त्यांच्या परिषदेची संगणकावरची परीक्षा, तिकडं गेल्यावर ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा, मग पगाराच्या बँड पाचची साधी स्टाफ नर्स, आणि अनुभव घेत पुढं बँड सहा-सातला स्पेशालिस्ट. अमेरिकेत क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट ही चार प्रगत नर्सिंग भूमिकांपैकी एक आहे. तिथं आधी एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा, मग त्यांच्या मान्यताप्राप्त संस्थेतली मास्टर्स किंवा डॉक्टरेट, तीत किमान ५०० तासांचं देखरेखीखालचं क्लिनिकल काम. जायचंच असेल तर एमएस्सीची दोन वर्षं इथं घालवण्यापेक्षा तोच वेळ इंग्रजी आणि त्यांच्या परीक्षांना दिलेला बरा. तुझ्या पत्रात मला जायची घाई दिसली नाही. दिसली असती तर मी वेगळं लिहिलं असतं.

पैसा आणि रजा. राजीनामा देऊन शिकायचं नाव काढू नकोस. सरकारी सेवेत अध्ययन रजेची तरतूद आहे. साधारण पाच वर्षांची नियमित सेवा झालेली असावी लागते, आणि संपूर्ण सेवेत मिळून २४ महिन्यांपर्यंत ती मिळू शकते, म्हणजे कोर्सच्या मापाची. तुझी सात वर्षं झालीत. बदल्यात परत येऊन ठराविक काळ सेवा करण्याचं बंधपत्र लिहून द्यावं लागतं, ते सही करण्याआधी पूर्ण वाच. रजेच्या काळात वेतन किती, भत्ते कोणते चालू राहतात, वेतनवाढीचं काय, हे आस्थापना शाखेतून लेखी घे. क्लार्कच्या तोंडी उत्तरावर घराचे हप्ते ठरवू नकोस. खासगी कॉलेज घ्यावं लागलं तर तिथलं शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणानं किती ठरवलंय ते त्यांच्या संकेतस्थळावर बघ आणि त्याच्यावर एक रुपया मागितला तर पावती माग. पावती मागितली की पुष्कळ रकमा आपोआप कमी होतात. शासनाच्या शुल्कमाफीच्या आणि शिष्यवृत्तीच्या योजना केंद्रीय प्रवेश फेरीतून आलेल्यांसाठी असतात, व्यवस्थापन कोट्यातून गेलीस की ती दारं बंद. घरातल्या दोन पगारांमुळं उत्पन्नाची अट अडू शकते, तेही आधीच तपास.

आता घर. सासूबाईंवर मी रागावणार नाही. त्यांच्या लेखी नोकरी म्हणजे पोचण्याचं ठिकाण, आणि सून तिथं पोचलेली आहे. ज्या भागात दर दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं, तिथं महिन्याच्या महिन्याला खात्यात पडणारा पगार सोडून कुणी वह्या घेऊन निघालं तर काळजी वाटणारच. त्यांना स्पेशालिस्ट वगैरे समजावत बसू नकोस. रजा मिळाली, नोकरी जात नाही, हा कागद दाखव. आणि त्या पोराची गोष्ट सांग, तुझ्या शब्दांत. गावात फवारणीचं औषध पिऊन गेलेलं एखादं माणूस त्यांनाही माहीत असेल.

मला खरी शंका मिस्टरांच्या वाक्याची आहे. "तू म्हणशील ते" ऐकायला गोड असतं, पण त्यात कामाची वाटणी नसते. लेकीला पहिलीत घालायचं वर्ष आहे, तिला शाळेतून कोण आणणार? तिला ताप आला आणि तुझी क्लिनिकल पोस्टिंग असली तर रजा कोण टाकणार? सोयाबीनच्या सुगीत सासूबाई गावाकडं अडकल्या तर ते तीन आठवडे कसे काढायचे? हे एकेक प्रश्न घेऊन बसा, कॅलेंडर पुढ्यात घेऊन. तो शिक्षक आहे, त्याला दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्ट्या आहेत, तुझ्यापेक्षा त्याचं वेळापत्रक सोपं आहे. उत्तरं मिळाली तर पुढं जा. न मिळाली तर मिळेपर्यंत विचारत राहा, पण फॉर्म भरायचा थांबू नकोस.

सध्या करण्यासारखं एवढंच: पोस्ट बेसिकची गुणपत्रकं, महाराष्ट्र नर्सिंग परिषदेच्या नोंदणीचं नूतनीकरण आणि आयसीयूतल्या अनुभवाचं प्रमाणपत्र एका फाइलीत लाव. अनुभवाच्या प्रमाणपत्रात नुसतं 'अधिपरिचारिका' असं लिहून घेऊ नकोस, 'अतिदक्षता विभागात' आणि कधीपासून कधीपर्यंत हे त्यात आलं पाहिजे. रजेचा अर्ज मेट्रनच्या हातात देऊन मोकळी होऊ नकोस. आवक-जावकला नोंद कर, क्रमांक लिहून घे, आणि शिक्का मारलेली प्रत घरी ठेव.